दुसरा दोर

नरसीच्या नामदेवाची आन घेऊन सांगते, मोठ्यानं सांगते, शेजारणीला बी ऐकू जाऊ द्या: यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटा निघाला तर माझ्या तोंडात राहिलेल्या तीन दाढा गळून पडू द्या, अन् चौथी हालून राहिली ती बी. लोक म्हनतात म्हातारी थापा मारते. म्हनू द्या. गावाचं नाव तेवढं सांगणार न्हाई, तिथं माझे सोयरे हायत. कुरुंद्याच्या अलीकडं, एवढंच समजा.

रझाकाराची गडबड सुरू व्हायच्या दोन-तीन उन्हाळे आधीची गोष्ट. त्या गावात उकंडराव म्हून मोठा शेतकरी व्हता. त्याच्या आमराईत एक आंबा, नाव खोबऱ्या. खोबऱ्याच्या शेंड्यावर चढलं की हिंगोलीच्या ठेसनात गाडी धूर सोडताना दिसायची. अन् शेंड्यावरून निसटलेला कच्चा आंबा खाली येईस्तोवर वाटंतच पिकायचा. त्या झाडावर चढून आंबे उतरवायचं काम संतरामचं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाचं व्हतं.

गावात एक रीत व्हती. तिला चूल धरणं म्हनायचे. मानूस झाडावर चढला की त्याच्या बायकोनं घरी इझलेल्या चुलीवर दोन्ही हात ठिवून बसायचं. नवरा उतरून घरी येईस्तोवर उठायचं न्हाई, पानी प्यायचं न्हाई, केसाला फणी लावायची न्हाई. झाडाखाली बाईची सावली पडू द्यायची न्हाई. अन् झाडाकडं दोर न्यायचा तो एकच, आंब्याची टोपली खाली सोडायचा. दुसरा दोर नेला की तो तिरडीचा. पडायची तयारी करून गेलं की मानूस पडतोच, असं म्हनायचे. वा रे शहाणे. बैलाला जास्तीचं दावं ठिवतील, मोटंला जास्तीचा नाडा, म्हंजी जाड दोर, ठिवतील, मानसाला न्हाई. अन् एवढं करून मानूस पडला तर इचारायचं काय, तर बायकोनं काय केलं?

संतरामची बायको गोजरबाई त्या दिशी तशीच बसली व्हती. सकाळधरनं हात चुलीवर. घसा वाळून चामडं झाला व्हता. फुड्यात सासू अनुसयाबाई, राखण करत.

"आत्याबाई, घोटभर पानी."

"गप बस. माझ्यावानी करून घ्यायचंय का?"

अनुसयाबाईचं काय झालं व्हतं ते गावात समद्यायला ठावं. अठरा उन्हाळ्यामागं फांदी मोडून तिचा नवरा खोबऱ्यावर अडकला. दिवस मावळेपस्तोर हाका मारल्या त्यानं. वर कोनी गेलं न्हाई, दुसरा दोर कोनी आनला न्हाई. अंधार पडता पडता पडला अन् गेला. मंग पंच घरी आले, उकंडराव त्यात फुडं. बाईला धीर द्यायला न्हाई, तिचं डोकं बघायला. डोक्यात उवा झाल्या व्हत्या म्हून सकाळी तिनं फणी फिरवली व्हती, लपवलं न्हाई बिचारीनं. झालं. तवापासून तिचं नाव फणीवाली. पेरणीला तिच्या हातात बियाणं द्यायचे न्हाईत, लग्नात तिला मांडवाबाहेर पत्रावळ. तिनं बी डोक्याला मंग कधी फणी लावली न्हाई. केसाचा नुसता गोळा झाला व्हता, आंबूस वास मारायचा, लेकरं नाक धरून पळायची. अन् ज्या पंचायनं हे केलं, ते रोज अत्तर लावून पारावर बसायचे. मला इचारा, घाण वास कोनाचा येत व्हता.

गोजर म्हनाली, "आत्याबाई, काल हे सांगत व्हते, दक्खनेची फांदी आतून पोकळ हाय. भिरुड किड्यानं खाल्ली. ठोकली तर डफावानी वाजते."

"मंग मालकाला सांगायचं."

"सांगितलं ना. मालक म्हनले, तुझी बायको नीट बसली तर काटकीबी हत्ती पेलते."

तेवढ्यात दारात रहमतबी आली. चाँद पाशा बागवानाची बायको. आमराईचा त्या सालचा बहार, म्हंजी झाडावरचे समदे आंबे, तिच्या नवऱ्यानं इकत घेतला व्हता. झाडाखाली यायची तिलाबी मनाई, म्हून बांधाजवळ गाडीत बसून ती आंब्याला गवताचा थर लावायची. आता अनवाणीच पळत आली व्हती.

"गोजर, ऊठ. फांदी मोडली. संतराम वर अडकून राहिला."

"पडले न्हाईत?"

"न्हाई गं. खालच्या बेचक्यात पाय घुसला, त्या पायावरच लटकून राहिला. नडगी मोडली वाटते. मुंडकं खाली झालंय. हाका मारून राहिला, अन् खाली समदे मर्द तोंड वर करून उभे."

गोजर उठायला लागली तशी अनुसयाबाईनं तिचा पाय धरला. "उठू नगंस. तू उठलीस की तो पडंल. पाया पडते तुझ्या."

गोजर थांबली. सासूकडं बघितलं. म्हनाली, "आत्याबाई, म्या हात उचलला व्हता का?"

"न्हाई."

"पानी पिले?"

"न्हाई."

"फणी?"

म्हातारीनं मान हालवली, न्हाई.

"म्या समदं पाळलं, तरी फांदी मोडली. तुमी फणी केली, तवाबी फांदीच मोडली. मंग फणीचा काय संबंध, सांगा."

म्हातारीचा हात ढिला पडला. अठरा सालं छातीवर धोंडा घेऊन बसलेली बाई ती. पाय सोडून उठली अन् म्हनाली, "मोटंचा नाडा हिरीवर हाय. नवा हाय. चल."

आमराईत काय चाललं व्हतं ते सांगायला जीभ विटाळते, पर सांगते. उकंडराव घोंगडीवर बसला व्हता. फांदीसंगं पडलेल्या आंब्याचा ढीग फुड्यात, अन् हा आंबा चोखून राहिला. रस कोपरापस्तोर ओघळलेला, मिशीत दोरे अडकलेले. भवती चार-पाच खुशमस्करे, तेबी चोखून राहिले. एका आंब्यावर वरनं रगताचा थेंब पडला. एकानं तो धोतराला पुसला अन् खाल्ला. व्हय, खाल्ला. माझ्या दाढांची आन.

गोजरला बघून उकंडरावानं कोय थुंकली. "बाई झाडाखाली? आधी तिनं केस इंचरले का बघा रे."

गोजरनं पदर मागं टाकला. "बघा. तीन दिसाचं न इंचरलेलं डोकं हाय. सकाळधरनं थेंब घोटला न्हाई. आता सांगा, फांदी काहून मोडली?"

कोनीतरी म्हनलं, "मनात पाप आलं असंल."

"मनातलं बराबर दिसते तुमाला," गोजर म्हनाली, "अन् डोळ्याफुडची पोकळ फांदी दिसली न्हाई."

वरनं संतरामचा आवाज आला. बारीक झाला व्हता. "गोजरे, घेरी येऊन राहिली."

"आले. खाली बघू नगा, माझ्याकडं बी बघू नगा. हाताला लागंल ती फांदी धरून ऱ्हावा."

चाँद पाशाचा भाऊ नासेर आधीपासून म्हनत व्हता, दोर द्या, मी चढतो. पर नासेरचं अंग पोत्यावानी, तो चढला तर उरलेली फांदीबी खाली. तेवढ्यात अनुसयाबाई डोक्यावर नाड्याचं वेटोळं घेऊन आली.

"फणीवाली आली," खुशमस्करा हसला.

उकंडराव गुरकावला, "दुसरा दोर माझ्या झाडाला लागणार न्हाई. ज्यानं हात लावला त्याला माझ्या शिवारात काम न्हाई. अन् पाशा, तुझा बहार मी माघारी घेईन."

 चाँद पाशानं बायकोकडं बघितलं. रहमतबी म्हनाली, "घेऊ द्या. आंबे सडले तर सडू दे. मानूस सडलेला मला बघायचा न्हाई." पाशानं टोपी खिशात घातली अन् नाडा सोडवायला लागला.

गोजरनं काष्टा आवळला. ल्हानपणी शेरडासाठी पाला तोडत वाढलेली पोरगी ती. टोपलीचा बारीक दोर वरनं लटकतच व्हता. त्याला खाली नाड्याचं टोक बांधलं अन् ती चढली. चढताना दर फांदी आधी मुठीनं ठोकायची, वाजली की सोडून द्यायची. लोक म्हनतात बाईला झाडाचं काय कळते. झाडाला इचारायचं कळत व्हतं तिला, तेवढं पुरे.

नवऱ्याच्या वरच्या बेचक्यात पोचल्यावर बारीक दोर ओढून तिनं नाडा वर घेतला. जाड, जित्या फांदीवरनं टाकला. एक टोक संतरामच्या काखंखालून अन् मांड्याखालून फिरवून बांधलं. दुसरं टोक खाली गेलं. खाली नासेरनं ते शेजारच्या लिंबाच्या बुंध्याला दोन येढे देऊन धरलं, म्हंजी वजन एकदम येऊ नये. त्याच्या मागं पाशा, पाशाच्या मागं रहमतबी, अन् शेवटाला अनुसयाबाई.

"वीतभर ओढा," गोजर वरनं म्हनाली.

चौघांनी अंग मागं टाकलं. संतराम वीतभर वर गेला, तसा बेचक्यातला पाय मोकळा झाला. तो ओरडला ते हिंगोलीपस्तोर ऐकू गेलं असंल. मंग इंच इंच सोडला त्याला. दोर हातातून सरकताना म्हातारीचे तळवे सोलून निघाले, सोडला न्हाई तिनं. संतराम जमिनीला टेकला, डोळे मिटलेले, पर छाती हालून राहिली व्हती. मंग गोजर उतरली अन् एका दमात मडकंभर पानी पिली.

अनुसयाबाई लेकाजवळ बसली न्हाई. ती उकंडरावाफुडं जाऊन उभी राहिली. सोललेले हात तसेच.

"तवाबी तुमी हितंच बसला व्हता, उकंडराव. माझा मानूस दिवसभर हाका मारत व्हता. तो मेल्यावर तुमी माझं डोकं हुंगायला आला. लाज वाटली न्हाई ती आजबी वाटत न्हाई, दिसतेच हाय."

उकंडराव घोंगडीवरनं उठला. डोक्याचा रुमाल काढून म्हातारीच्या पायाशी ठिवला, अन् म्हनला, "चुकलो, बाई."

फुडची गोष्ट थोडी हाय. संतराम जगला, जलमभर लंगडा चालला. चढणं बंद झालं, तो झाडाखाली उभा राहून दुसऱ्यायला फांदी दाखवायचा. आंबे उतरवणाऱ्यायच्या बायका गोजरच्या दारात जमल्या. आमी चूल धरणार न्हाई, म्हनल्या. फांदी ठोकून बघितल्याबिगर, दुसरा दोर बांधल्याबिगर, अन् दोर धरायला चार मानसं खाली उभी असल्याबिगर आमचा मानूस चढणार न्हाई. उकंडराव म्हनला, बघू. आठ दिस कोनी चढलं न्हाई. आंबे झाडावर पिकले, गळले, नासले. माश्यांचे थवे असे आले की दिवसा सावली पडली. गाव नाकाला पदर लावून हिंडलं. नवव्या दिशी उकंडरावाचा गडी चार नवे दोर घेऊन गोजरच्या दारात आला.

त्याच सांजंला रहमतबीनं तेल तापवलं, अन् गोजर अन् ती, दोघीयनं मिळून म्हातारीच्या केसाचा गोळा सोडवायला घेतला. तीन दिस लागले. हे खरं हाय.

आता आन घेतली हाय तर सांगूनच टाकते. एक गोष्ट म्या पदरची घातली. आंबा वाटंत पिकायचा ते खरं, माश्यांची सावली खरी, रगताचा आंबाबी खरा. रुमालाचं तेवढं खोटं. उकंडराव उठला, घोंगडी झटकली अन् म्हातारीकडं न बघता घरी गेला. त्यानंतर ती धा-बारा सालं जगली. सांज झाली की दारात बसायची, कोनीतरी येऊन चुकलो म्हनंल म्हून. गावातनं कोनीबी आलं न्हाई. मंग म्याच आनला त्याला.