मेलेल्या फांदीचं कौतुक

मी तीनशे वर्षांचा काळा पाइन बोलतोय. जरा वाकून नमस्कार करा. बरं, राहू द्या. तीनशे हा आकडा आमचा मालक पाहुण्यांना सांगतो, खरी दीडशेच भरतील. उंची तर विचारूच नका. मांजर माझ्यावर चढत नाही, ओलांडून जातं.

समुद्राकाठच्या एका कपारीत मी उगवलो. वाऱ्यानं मला वाकडा केला, आणि माणसांना वाकडंच आवडतं, म्हणून उपटून इथं ओमियाला, बोन्सायच्या गावी, आणलं. तेव्हापासून ताटाएवढ्या कुंडीत उभा आहे. कुरामोची घराण्यातले तीन मालक मी पोचवले. चौथा तोकुसाबुरो. वय ब्याऐंशी, कानानं मेला, तोंडानं ठणठणीत.

त्याची मुलगी चिझुरु. तीस वर्षं मला पाणी घालतेय. आता पन्नाशी उलटली, तरी पाणीच घालतेय. कात्रीला तिनं हात लावायचा नाही, हा म्हाताऱ्याचा कायदा.

आमच्याकडे ऋतू म्हणजे शिक्षेचे प्रकार. हिवाळ्यात अंगाला तांब्याची तार आवळतात. वसंतात पेंडीच्या गोळ्या चारून फुगवतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मेणबत्त्यांसारखे नवे कोंब वर आले, की सगळे छाटतात. का, तर मागून येणाऱ्या सुया आखूड येतात, दिसायला गोड. शरदात जुन्या सुया चिमट्यानं उपटतात. याला म्हणे माया करणं म्हणतात. मीही माया करतो. म्हाताऱ्याच्या चहात सुई टाकतो, त्याच्या नखाखाली टोचतो.

यंदा मार्चमध्ये त्यानं मला कुंडीतून काढलं आणि माझी तिसरा हिस्सा मुळं कापली. अशा वर्षी कोंब छाटायचे नसतात; झाडाला तेवढी ताकदच नसते. हे ओमियातल्या कावळ्यांनाही माहीत आहे. पण जून उजाडला आणि म्हातारा कात्री घेऊन हजर.

"बाबा, याची मुळं कापलीत ना तुम्ही! यंदा कोंब राहू देत."

"मुळं गेल्या साली कापली."

"यंदा कापली. माती मीच चाळून दिली होती."

"मग चाळणीच सांभाळ. मला कात्री शिकवू नकोस."

कच, कच, कच. एकही कोंब ठेवला नाही. मला तर हसू येत होतं, म्हातारा कसा फसला म्हणून. मग माझ्या सगळ्यात खालच्या फांदीला नवा कोंब आलाच नाही, तेव्हा कळलं, फसलो मीच. ती फांदी म्हणजे माझा पसरलेला हात. माझा सगळा डौल तिच्यावर. ऑगस्टमध्ये ती तांबूस झाली. ऑक्टोबरात म्हातारा चिमटा घेऊन बसला, तर तिच्यावर उपटायला सुई उरली नव्हती.

नोव्हेंबरात हिवाळी प्रदर्शनाची निवड. निवड झाली नाही, तर म्हाताऱ्याचा हात गेला हे गावभर होणार. म्हणून पठ्ठ्यानं मेल्या फांदीची साल ओरबाडून काढली आणि तिला गंधक-चुन्याचं पाणी फासलं. आठवडाभर अंगणात नासक्या अंड्यांचा वास. फांदी वाळून हाडासारखी पांढरी झाली. अशा जुनाट, वादळं सोसल्यासारख्या दिसणाऱ्या फांदीला आमच्यात भारी मान.

निवड करणारे मिनागावासान आले, गुडघ्यावर बसले, चष्मा पुसला.

"वा! काय सोसलंय हो या फांदीनं! किती वर्षांपूर्वीची?"

"शंभरेक झाली असतील," म्हातारा म्हणाला. झाले होते तीन महिने.

"बाकीच्या फांद्या जरा विरळ वाटतात."

"मुलीचं पाणी, दुसरं काय!"

चिझुरुनं मान खाली घालून चहा ओतला. माझी निवड झाली. हसून हसून सगळ्या सुया गाळाव्यात असं वाटलं, पण आता मला सुया परवडत नाहीत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे उरल्या हातानं: कुंडीतल्या झाडाची वाहवा करण्याआधी एवढं बघा, कात्री कोणाकडे आहे. माझा पुढचा उन्हाळा त्यावरच अडलाय.

पाहुणे गेल्यावर चिझुरुनं हात पुढे केला. "बाबा, कात्री आता माझ्याकडे द्या."

"माझ्या मेल्यावर घे!"

"मग जरा लवकर आटपा, बाबा. झाडाच्या नऊ फांद्या अजून जिवंत आहेत."