दूध आटेपर्यंत

"पर दीदी, इसको चोर-ओटी क्यों बोलते हैं? चोरी किसकी?" शेजारच्या तिवारीभाभींनी विचारलं.

"नज़र की. किसी को बताना नहीं है," आई म्हणाली आणि स्वतःच हसली. कारण खिडकी सताड उघडी होती आणि समोरच्या गच्चीवरची बाई पापड वाळत घालता घालता सगळा कार्यक्रम बघत होती.

मी पाटावर बसले होते. खरं तर ही ओटी तिसऱ्या महिन्यात भरतात. पण मी आणि विक्रांत भोपाळला, माहेरी येणं लांबत गेलं आणि पाचवा लागला. उशीर झाला म्हणून आईनं काही सोडलं नाही. सरकारी शाळेत हिंदी शिकवताना तिनं कधी धडा गाळला नव्हता, तशीच ती सणवारांच्या बाबतीत होती.

"नारळ पोटाशी धर, देवू. खाली नको ठेवू."

"आई, माझी ओटी कधी भरणार?" विक्रांत स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला.

"तुझी पोह्यांनी भरते. प्लेट आण."

"जिलबी पण?"

"ती तुझ्या सासऱ्यांनी संपवली."

बाबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. संध्याकाळी उकाडा होता म्हणून आम्ही टावर चौकात गेलो. रस्ता ओलांडताना आई माझ्या आणि गाड्यांच्या मध्ये चालत होती, दोन्ही हात थोडे पसरून. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रीगंजमध्ये सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाईंचं बोलणं चालू होतं. मग पडदा त्यांनी स्वतःकडे वळवून घेतला आणि म्हणाल्या, "बेटा, मम्मी और हसबैंड को अंदर बुला लो."

डोक्याची कवटी बनलीच नव्हती. हृदय चालू होतं. ते मी ऐकलं होतं. नऊ महिने काढले तरी जन्मल्यावर काही तास, फार तर एखादा दिवस. आणखी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त अधिक हळू आवाजात. निर्णय तुमचा, असं दोघंही म्हणाले. त्यात ठरवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी तो आमचाच होता.

ऑपरेशन झालं. विक्रांतची सुट्टी संपली आणि तो भोपाळला गेला. मी आईकडेच राहिले.

फोन यायचे. आई फोन घेऊन गॅलरीत जायची, पण तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय झालेला. "हो, अपेंडिक्स. एकदमच दुखायला लागलं. नाही नाही, आता तबियत ठीक आहे."

एकदा आत येऊन ती मला म्हणाली, "लोकांना अपेंडिक्स कळतं. तेवढ्यावर थांबतात. दुसरं काही सांगितलं तर विचारत बसतील, कुणाचा दोष, काय खाल्लं होतं, ग्रहणात बाहेर गेली होती का. तुला चालेल न?"

मी मान डोलावली. घरात ते कुणीच नावानं बोलत नव्हतं. डॉक्टरीणबाई 'ये सब' म्हणायच्या, विक्रांत 'जे झालं ते' म्हणायचा. आई तर वाक्यच तिथं सोडून द्यायची. मीही.

तिचे हात मात्र थांबत नव्हते. तिनं माझं पोट जुन्या सुती लुगड्यानं बांधलं, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. सकाळी आळिवाची खीर, दुपारी शेपूची भाजी, मधल्या वेळेला डिंकाचा लाडू. "खा. रक्त भरून येतं." मी विचार न करता खात होते. तीही विचार न करता करत होती.

एका सकाळी ती न सांगता रामघाटावर गेली. आमच्याकडे महाकालाच्या दर्शनाला पाहुणे येतात, तितकेच गेलेल्यांचं करायला येतात. नाशिकचे, अमरावतीचे, इंदूरचे. आईच सगळं ठरवून देते. बुडून गेलेल्याचं काय, लग्न न होता गेलेल्याचं काय, ज्याला कुणीच नाही त्याचं कुणी करायचं, हे तिला पाठ आहे. परत आली तेव्हा पदर घामानं भिजला होता. चप्पल न काढता ती माझ्या पलंगावर बसली.

"गुरुजींना विचारलं. म्हणाले, इतक्या लहानाचं काही नसतं. सुतकही फक्त आईला."

"मग?"

"मग काही नाही. मी म्हटलं, थोडं तीळ-पाणी तरी सोडा. तर म्हणाले, ताई, नाव ठेवलं नाही, हाक कशी मारू?" ती पंख्याकडे बघत राहिली. "भला माणूस आहे. मलाच बसवून पाणी पाजलं त्यांनी."

त्या घाटावर सगळ्यांसाठी काहीतरी करतात.

पुढल्या सकाळी उठले तर कुर्ता समोरून ओला होता. मला वाटलं, पिशवी गळली. आईला हाक मारली. तिनं बघितलं आणि भिंतीला धरून खाली बसली.

"आळीव," ती म्हणाली. "मी तुला आळीव दिले. शेपू दिला. देवू, मी तुला बाळंतिणीचं जेवण घातलं गं."

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खाने से नहीं आया, माताजी. आना ही था. शरीर को कौन बताए? कसकर बाँधो, ठंडा रखो, निकालना मत." आईनं 'जी, जी' केलं. विश्वास ठेवला नाही. आळिवाची खीर तिनं मोरीत ओतली आणि पातेलं धुऊन झाल्यावरही नळ बराच वेळ चालू ठेवला. मग टावर चौकातून मोगऱ्याचे गजरे घेऊन आली.

"माझ्या आईकडे बांधायचे. दूध आटतं म्हणतात."

मलमलीच्या फडक्यात गजरे ठेवून तिनं ते माझ्या छातीवर आवळून बांधले. छाती दगडासारखी झाली होती. हात लावला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. दुपारपर्यंत फुलं गरम होऊन तपकिरी पडायची. ती नवे बांधायची. बाबा गजरे आणून टेबलावर ठेवायचे आणि आमच्याकडे न बघता जायचे.

"दुखतंय का?" एका दुपारी विक्रांतनं फोनवर विचारलं.

"हो."

"मी काय करू?"

"काही नाही."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही. पलीकडं त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी चहा मागत होतं.

त्याच संध्याकाळी अक्का आली. अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण. फ्रीगंजला एकटी राहते. विधवा म्हणून आईनं तिला ओटीला बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं नाही म्हणून मला दिवस गेल्याचंही सांगितलं नव्हतं.

"काय गं जयू, भाचीचं ऑपरेशन होतं आणि मला भाजीवालीकडून कळतं? मी काय वर गेले का?"

"अक्का, तुम्हाला उन्हात त्रास कशाला, म्हणून."

"ऊन मला नवीन आहे का?" तिनं शेवेची पुडी टेबलावर ठेवली आणि नाक वर केलं. "लग्नबिग्न काढलंय की काय? काय घमघमाट सुटलाय!"

"देवाला आणला मोगरा."

अक्कानं देव्हाऱ्याकडं बघितलं. तिथं जास्वंद होती. मग ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. "बघू टाके. माझे पित्ताशयाचे इथून इथपर्यंत आहेत, दाखवू?"

"आता दुर्बिणीतून करतात," आई घाईनं म्हणाली. "दिसत नाहीत टाके. तुम्ही चहा घेणार न?"

"घेते. पण अपेंडिक्स खाली असतं न, जयू? ही छाती धरून का बसली आहे?"

आई उभी राहिली, तशीच. तिच्या हातात अक्कासाठी आणलेला पाण्याचा पेला होता. तो तिनं ना दिला ना खाली ठेवला. इतक्या फोनवर इतक्या सफाईनं बोललेली माझी आई शब्द शोधत होती, आणि तिला एकही सापडत नव्हता. तिचा चेहरा मला बघवेना.

"अक्का, तिला झोप येते आहे," ती अखेर म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "अक्का, अपेंडिक्स नव्हतं. मला बाळ होणार होतं. जगणार नव्हतं, म्हणून आम्हीच जाऊ दिलं. आता दूध आलंय." आई माझ्याकडं बघत होती. "आई, मला ते बाळ हवं होतं."