तीन थापा

हंबीरराव वस्तादांनी मांडीवर थाप मारली आणि सुनेकडे पाहिलं.

"पुढं."

"पार्-लों," राजनंदिनी म्हणाली.

दोन थापा पडल्या. वही त्यांच्या हातात उलटी असती तरी बिघडलं नसतं. फ्रेंच त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण शिवाजी पेठेतल्या तालमीत चाळीस वर्षं बैठका मोजलेला माणूस. महिनाभर दुपारी तिनं क्रियापदं म्हणायची आणि शब्दाच्या दर तुकड्याला त्यांनी एक थाप मारायची, असं चाललं होतं. धातू तोच राहतो, शेपूट बदलतं, काही शेपटं तर नुसती लिहायची, म्हणायची नाहीत, हेही त्यांना थापांवरूनच पाठ झालं होतं.

उद्या पुण्यात फ्रेंचची तोंडी परीक्षा होती. पास झाली की माँट्रियलला नवऱ्याकडे जायची वाट मोकळी. सासूबाई गेल्यापासून घरात ही दोघंच.

"पार्-लांत."

वस्तादांचा हात अधांतरी थांबला.

"एकच थाप हाय त्याला, शेपूट म्हणायचं न्हाई. परवापतूर बरोबर म्हणत होतीस की."

"चुकलं, आबा."

पुढचंही चुकलं. त्याच्या पुढचंही. सोमवारी वस्ताद न्हाणीत घसरून पडले, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. त्यांच्या गुडघ्याला पट्टीही तिनंच बांधली होती.

वस्तादांनी वही मिटली.

"नंदे, नुरा कुस्ती खेळतीस व्हय? आधीच ठरवून पडायचं?"

तिनं त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"तुमचं कोण बघणार हितं?"

"माझं मी बघीन! माझ्यापायी कुणी ठरवून पडलं, तर तालमीत तोंड कुठलं दाखवू?" आवाज चढला तसा लगेच उतरला. ती जायला त्यांनाही नकोच होती. "म्हण. खरं म्हण."

"पार्-ती-रे."

तीन थापा. चोख.

"म्हंजे काय गं?" महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी अर्थ विचारला.

"मी जाईन."

वस्तादांनी गुडघ्याची पट्टी उगाच सारखी केली.

"आन् परत येईन, त्याला काय म्हणत्यात?"

"रु-व्यां-द्रे."

त्यांनी हळूच तीन थापा मारून बघितल्या.

"हे वहीत हाय?"

"नाही, आबा."

"मग लिही." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "आन् शंभरदा म्हण. मी मोजतो."