जागा दाखवायची नाही

तिसऱ्यांदा लावलेला रंगही त्याने थिनरच्या फडक्याने पुसून काढला आणि फडकं बादलीत आपटलं. गाडीच्या मागच्या दारावरचा ओरखडा पुन्हा उघडा पडला. वीतभर लांब, मधे जरा रुंद, आतला पांढुरका थर दाखवणारा. मंगळवारी गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला घासली होती. त्यानेच घासली होती, भर दुपारी, लख्ख उजेडात. दोष द्यायला एखादं मांजरसुद्धा आडवं आलं नव्हतं.

एकतीस वर्षं त्याने कारखान्याची बस चालवली होती आणि तेवढ्या वर्षांत बसला साधा पोचा आला नव्हता. हे तो कुणी न विचारताही सांगत असे. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी लेक म्हणाली, "बाबा, सत्तरी आली. गाडीवर एक जरी ओरखडा दिसला तर किल्ली माझ्याकडे," तेव्हा तो खो खो हसला होता आणि सगळ्यांदेखत तिच्या हातावर टाळी देऊन मोकळा झाला होता. लेक उद्या सकाळी यायची होती. बाटल्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. सरकत्या पट्ट्यावरून भराभर जाणाऱ्या बाटल्यांमधून केसाएवढा तडा गेलेली बाटली अचूक उचलायची, हेच तिचं दिवसभराचं काम. घरात तिला इन्स्पेक्टर म्हणत.

"जुळत नाही का?" बायकोने पायरीवरून विचारलं.

"न जुळायला काय झालं? गाडीच्या पट्टीवरचा रंगाचा नंबर उतरवून नेला होता. दुकानदाराने नंबर बघूनच बाटली दिली."

"मग पुसताय कशाला सारखं?"

बाटलीतला राखी निळा रंग दारावर लागला की गालावर चिकटपट्टी लावल्यासारखा लांबून ओळखू येत होता.

बायको पायऱ्या उतरून आली. पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसून ती चाळीस वर्षं रफूची कामं करत आली होती. जळके कोट, कसर लागलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या विजारी. तिने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, गाडीचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या कडेला, जिथे कधी ऊन पोचत नाही, तिथे रंगाचा एक ठिपका दिला. ठिपका दिसेनासा झाला.

"रंग बरोबर आहे. गाडी विटलीय," ती म्हणाली. "अकरा वर्षं हीच बाजू उन्हात असते. तुम्ही आणलाय तो नव्या गाडीचा रंग."

"मग?"

"मग याला विटका करायचा."

नवा कोरा रंग मुद्दाम विटवायचा, हे त्याच्या जिवावर आलं. "अगं, हे कापड नाही. पत्रा आहे."

"बघणारा डोळा तोच ना?"

तो पुन्हा दुकानात गेला आणि पांढऱ्या नि मातकट पिवळ्या रंगाच्या दोन छोट्या बाटल्या घेऊन आला. बायकोने डब्याच्या झाकणात काडीने थेंब थेंब मिसळायला सुरुवात केली. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका ती पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर द्यायची, वाळू द्यायची आणि मग तो तुकडा दारावर धरून बघायची.

"जुळलाच की हा," तो दुसऱ्या ठिपक्याला म्हणाला.

"ओला आहे. ओला रंग खोटं बोलतो. थांबा जरा."

वाळल्यावर तो ठिपका दुधट निघाला. तिसरा हिरवट. चौथा त्याला पसंत पडला, तिला नाही. त्या दुपारी त्याने जेवढी वाट पाहिली तेवढी सिग्नलवरही कधी पाहिली नव्हती.

पाचवा ठिपका वाळत असताना शेजारच्या गल्लीतला कारकून आपला कोट न्यायला आला. त्याने कोट उजेडात धरला, उलटा केला, बाही ओढून बघितली.

"बाई, भोक कुठं होतं?"

"होतं कुठंतरी," बायको म्हणाली आणि कोटाची घडी घालून त्याच्या हातात दिली. कारकून शीळ घालत निघून गेला.

"दाखवायचंस की त्याला," तो चिडून म्हणाला. "इथं होतं म्हणावं, बघ काय केलंय ते."

"जागा दाखवायची नाही. एकदा दाखवली की मग त्याला कोट दिसत नाही, तेवढीच जागा दिसते."

हे त्याने आधीही अनेकदा ऐकलं होतं आणि दर वेळी हसून सोडून दिलं होतं. आज त्याला वाईट वाटलं. चाळीस वर्षांत किती कोट गेले असतील या दारातून, आणि हिचं काम डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस नाही.

सहाव्या ठिपक्याला तिने प्लास्टिक दारावर टेकवलं आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने वाकून शोधलं. प्लास्टिक दिसत होतं, ठिपका नव्हता.

पुढचं घासकाम त्याचं. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बारीक पॉलिश पेपरने त्याने ओरखड्याच्या कडा हलक्या हाताने मऊ केल्या. मग ती पाटावर बसली आणि सुईच्या बोथट टोकाने रंग भरू लागली. रेघ ओढली की डोळा रेघेमागे जातो, म्हणून ती टिंबं देत होती, मधे दाट, कडेला विरळ, कुठे दोन जवळ, कुठे एक चुकवून. एक थर, तास, दुसरा थर, तास, तिसरा. संध्याकाळी तिने वरून पारदर्शक लाखेचा हात दिला आणि कमरेवर हात ठेवून उठली. सकाळी त्याने पॉलिश लावून दार मऊ फडक्याने गोल गोल घासलं. कुठे घासायचं हे त्याला खांबावर उमटलेल्या खुणेच्या उंचीवरून ठरवावं लागलं.

लेक आली ती पिशवी पायरीवर ठेवून थेट गाडीकडेच वळली.

"आधी तपासणी. चहा मग."

तिने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकली, उकिडवी बसली, चाकांच्या वरून हात फिरवला. मागच्या दाराशी ती थांबली. तिने दाराच्या काचेत बघून केस कानामागे सारले आणि पुढे गेली.

"मानलं बाबा," ती म्हणाली. "गाडी ठेवावी तर तुम्हीच. किल्ली तुमची."

किल्ली खिशात होती आणि आता ती तिथेच राहणार होती. बायको दारात उभी होती, पदराला हात पुसत, आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्याच्यासाठी. मग ती वळली आणि चहा टाकायला आत निघाली. त्याला राहवेना.

"इन्स्पेक्टर, मागचं दार परत बघा."

"अहो!" बायको जागीच थांबली.

लेकीने दार बघितलं. "काय आहे इथं?"

"ओरखडा आहे. वीतभर. मंगळवारी मी फाटकाला घासली. तुझ्या आईनं भरलाय."

लेक हसली, मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. ती गुडघ्यांवर बसली. मोबाइलचा टॉर्च सरळ धरला, तिरका धरला, पत्र्यावरून नख फिरवलं. बराच वेळ गेला.

"आई, मला सापडत नाहीये."

"नसू दे. चहा टाकते मी."

"आई, दाखव ना."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की एरवी तो बागेला पाणी घालायला निघून गेला असता. तो हलला नाही. ती सावकाश पायऱ्या उतरली, चष्मा नाकावर घेतला आणि लेकीशेजारी खाली बसली. तिने बोट दारावर टेकवलं.

"इथून," ती म्हणाली. बोट तिरकं सरकत गेलं आणि मधे थबकलं. "इथं जरा रुंद होता, इथं फार त्रास दिला." मग शेवटपर्यंत गेलं. "इथवर."

बोट तिने उचललं नाही. लेकीचं डोकं तिच्या डोक्याला टेकलं होतं.

त्याने खिशातून किल्ली काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली.

"बाबा, किल्ली..." लेक मान वर न करता म्हणाली.

"वर ठेवलीय. घे सावकाश," तो म्हणाला. "आधी नीट बघून घे."