तिठ्यावरचा खोका

मला कुणी चौकस म्हणतं, कुणी भोचक. म्हणू द्या. दिवसभर गिरणीत बसून पीठ खाणाऱ्या बाईनं दुसरं करावं तरी काय? टेंभुर्णीच्या तिठ्यावर आमची गिरणी. एक वाट गावात, एक बौद्धवाड्याकडं, एक जाफराबादच्या सडकेला. पाटीवर लिहिलंय, 'रामकिसन पिठाची गिरणी'. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई, पाटी वाचून दाखवली इतकंच. इंजिन मालक बघायचे. दळण तोलायचं, भांडणं मिटवायची, अन् कुणाच्या घरात काय शिजतंय ते हुडकायचं, हे काम माझं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली व्हती. शाळेवर अण्णासाहेब मास्तर नवे आल्ते, बौद्धवाड्यात खोली घेऊन ऱ्हायचे. एक दिवस येऊन म्हणले, "चतुराबाई, तुमचं इंजिन ज्या लाकडी खोक्यात आल्तं, तो हाय का अजून?"

हाय म्हणलं, कोंबड्या बसतात त्यात. मास्तरांनी कोंबड्या हाकलल्या, खोका धुतला, तिठ्यावर लिंबाखाली ठिवला अन् चुन्यानं लिहिलं: 'नको ते ठेवा, हवं ते न्या, विचारू नका.'

"म्हणजे फुकट?"

"बिलकुल फुकट."

"अन् कुणी काय नेलं, त्याच्यावर ध्यान कोण ठिवणार?"

"कुणीच न्हाई."

"अवो मास्तर, मंग मी हितं कशाला बसलेय?"

मास्तर हसले. मला मात्र त्या दिवसापासून चैनच पडंना. माझी बसायची जागा मी खिडकीपाशी सरकवली.

पंधरा दिवसांत खोका निम्मा भरला. काच शाबूत असलेला कंदील, पाटी, छत्री, लेकराची झबली, एक बिनकानाची किटली. ठिवणारे मोठ्या थाटात ठिवायचे, चार माणसं बघतात का ते बघून. पण नेणारं कुणी दिसंना! उलट बायका डोक्यावर दळण घेऊन यायच्या अन् खोक्यापासून चार हात लांबून वळायच्या. द्वारकाबाईच्या घरचा कंदील फुटल्ता, हे मला ठावं. ती खोक्यातल्या कंदिलाकडं अशी बघायची की बघवत नव्हतं. शेवटी मीच हटकलं.

"अगं द्वारके, उचल की. लाजती कशाला?"

"नगं बाई. तिठ्यावरचं नगं."

तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला! तिठ्यावर काय ठिवतात? उतारा. लिंबू, नारळ, काळी बाहुली. घरात कुणी आजारी पडलं की त्याच्यावरनं उतरवायचं अन् तिठ्यावर सोडायचं. जो उचलंल त्याच्या मागं ती पीडा. अन् आमच्या मास्तरांनी बराबर तिथंच खोका ठिवून गावाला सांगितलं की या, हवं ते न्या! मास्तरांनी दीक्षा घेतलेली, ते उतारा मानत न्हाईत, म्हणून त्यांच्या ध्यानात आलं न्हाई. अन् मी मानते, तर माझं सगळं ध्यान कोण काय नेतंय त्याच्यावर. दोघंबी शहाणे.

मास्तर ऐकून इतकं हसले की डोळ्याला पाणी आलं. त्याच सांजेला खोका उचलून गिरणीच्या पत्र्याखाली आणला. दुसऱ्या दिवशी कंदील गेला. चार दिवसांत छत्री, झबली, पाटी, किटलीसुद्धा गेली. मंग काय विचारता! नवं येऊन राह्यलं, जुनं जाऊन राह्यलं. मी तर गावात मिरवून घेतलं, खोका मास्तरांचा पण डोस्कं माझं. अन् दळायला येणाऱ्या बाईला आपणहून सांगायची: तो तांब्या कुणी ठिवला, ही टोपली कुणाच्या घरची, हे जोडे कुणाचे. 'विचारू नका' लिहिलं व्हतं. 'सांगू नका' कुठं लिहिलं व्हतं?

पण एक गोष्ट खुपत व्हती. बौद्धवाड्यातली माणसं खोक्यात ठिवायची, न्यायची न्हाईत. एक चिंधी सुद्धा न्हाई. हे काय गौडबंगाल, काही केल्या उमगंना.

त्यांच्यातली मालन माझ्या वयाची, चाळिशी उलटलेली. गोधड्या शिवून जाफराबादच्या बाजारात विकायची. गावातली एकबी बाई तिच्याकडून गोधडी घेत नव्हती. बाजारात कुणी विचारत न्हाई की कुणाच्या हातची. तिची लेक बेबीनंदा अकरावी पास झाल्ती, मास्तरणीच्या ट्रेनिंगला औरंगाबादला नंबर लागल्ता. गावातली पहिली पोरगी! पण पोरगी अडून बसली व्हती. कारण मालनला जवळचं दिसंना झालतं. सकाळी बेबीनंदा दहा सुया ओवून द्यायची, त्या दहा सुयांवर मालन अंदाजानं दिवसभर शिवायची. "मी गेले तर तुझ्या सुया कोण ओवणार? शिवणं बंद पडलं तर खाशील काय? मी न्हाई जात," पोरगी म्हणायची. हे सगळं मला ठावं, कारण दोघी मायलेकी माझ्याच दारात दळण घेऊन भांडायच्या. पुढच्या सोमवारी जायचं व्हतं. एकच आठवडा हाती.

त्याच दिवसांत गिरिजाबाईनं काकासाहेबांचा चष्मा फडक्यात गुंडाळून खोक्यात ठिवला. काकासाहेब तिचे मालक, गेल्या दिवाळीत वारलेले. एका बाजूची दांडी मोडलेली, तिथं दोरा बांधला व्हता. "पोथी वाचायचे ह्याच्यावर," ती म्हणली, "कुणाच्या तरी कामाला येईल." मेलेल्या माणसाचा चष्मा. कुणी शिवलं न्हाई त्याला.

एके दुपारी इंजिन बंद व्हतं. मी पोत्यांच्या मागं बसून भाकर खाऊन राह्यले व्हते. मालन आली. तिनं इकडं तिकडं बघितलं, खोक्यातलं फडकं सोडलं, चष्मा नाकावर चढवला. पदराला टोचलेली सुई काढली, दोरा घेतला, अन् पहिल्याच झटक्याला ओवला. बाई हसली! एकटीच हसली, तोंडावर हात धरून. मंग चष्मा उतरवला, फडक्यात गुंडाळला अन् व्हता तिथं ठिवून दिला.

मला गप बसवलं न्हाई. जित्याची खोड. पोत्यांमागून उठले अन् म्हणले, "काय गं मालन, दीक्षा घेतली तरी उताऱ्याला भिती व्हय? ने की चष्मा!"

ती दचकली. मंग माझ्याकडं वळली.

"उताऱ्याला कोण भितंय? माझ्या सासूनं अर्धा जन्म तुमच्या दारांत उभं राहून जुनेरं अन् शिळं आणलं, चतुराबाई. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी तिनं सगळी जुनेरं चुलीत घातली. म्हणली, आता कुणाचं टाकलेलं ह्या घरात येणार न्हाई. कुडकुडत काढला तो हिवाळा आम्ही. अन् मी आता चष्मा नेऊ?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! रात्रभर मला लागलं ते. अन् शहाणपण बघा माझं, सकाळी काय केलं? चष्मा पदराखाली घेतला अन् थेट मालनच्या घरी गेले. म्हणलं, माफी बी मागू, चष्मा बी देऊ. तिनं बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी प्याले. चष्मा पुढं केला, तशी तिनं हात मागं घेतले.

"खोक्यातून तुम्ही काय नेलं आजवर?" तिनं विचारलं.

"मी? मला काय कमी हाय?"

"तेच म्हणते. बरं, गावातल्या कुणी आम्ही ठिवलेलं काय नेलं? आम्हाला द्यायची हौस न्हाई व्हय? जा, बघा खोका. एका अंगानं वाहतं त्याला देणं-घेणं म्हणत न्हाईत."

रागच आला मला. तरातरा गिरणीत आले अन् खोका उपडा केला. वरचं वर गेलं, तळाशी राह्यलेलं निघालं: मच्छिंद्रनं विणलेली नवी टोपली. दोन केरसुण्या. लाकडी भोवरा. एक तांब्या, घासून लख्ख केलेला. अन् मालननं चार महिन्यांमागं ठिवलेली लहान लेकराची गोधडी, घडी न मोडलेली, वर पिठाचा थर. एकूण एक वस्तू बौद्धवाड्यातली. खोक्यावर कुणाचं नाव नव्हतं. मंग गावाला कळलं कसं, कुठली कुणाची? कुणी सांगितलं? मीच की! दळणाबरोबर फुकट वाटलं व्हतं मी ते, ह्याच तोंडानं.

गोधडी उचलायला गेले अन् खोटं कशाला सांगू, हात थबकला. माझ्याच गिरणीत बौद्धवाड्यातलं दळण झालं की पुढची बाई म्हणायची, "चतुरे, मधी मूठभर दाणे घाल, जातं चोख होऊ दे, अन् मंग माझं दळ." मी घालायची. वीस वर्षं घातली, कधी काही वाटलं न्हाई. आता माझ्याच हाताची मला लाज वाटली. उचलली गोधडी अन् झटकली. बाकीचं सामान चष्म्यासकट खोक्यात परत ठिवलं.

पावसाची झड लागल्ती, गारठा व्हता. मी गोधडी गुडघ्यांवर घेऊन दारातल्या बाजेवर बसले. मालक म्हणले, "आई काय म्हणंल?" म्हणलं, जे म्हणायचं ते म्हणू द्या. द्वारकाबाईनं लांबूनच ओळखली. "ही तर मालननं ठिवलेली!" "व्हय. ऊब बरी हाय," मी म्हणले. ती दळण घेऊन माघारी गेली. तिच्यामागं अजून दोघी गेल्या. सासूबाईंनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. जिवाला लागलं, पण गोधडी काढली न्हाई गुडघ्यांवरनं.

तिसऱ्या दिवशी मालन अन् बेबीनंदा दळण घेऊन आल्या. गिरणीत सात-आठ बायका व्हत्या, इंजिन धडधडून राह्यलं व्हतं. मालनची नजर माझ्या गुडघ्यांवर गेली. ती खोक्यापाशी गेली, फडकं सोडलं, सगळ्यांच्या देखत चष्मा घातला, दोरा कानामागं अडकवला. मंग माझ्याकडं आली, वाकली, अन् गोधडीचं टोक डोळ्यांपुढं धरलं.

"आगं आई! हे टाके मी घातले? ही ओळ बघा कुठनं कुठं गेली! बैल उधळल्यावानी!" तिनं टोक उलटंसुलटं केलं. "चार महिने हितं पडली व्हती गोधडी, अन् एकीनं बी मला सांगितलं न्हाई, वाकडी हाय म्हणून?"

इंजिनाचा आवाज मोठा व्हता. ऐकू आलं न्हाई, असं म्हणता आलं असतं मला.

"मालनबाई," मी म्हणले, "एकीनं बी उलगडली न्हाई हो ती."

चष्म्याआडून तिनं माझ्याकडं बघितलं. बायका खाली बघून राह्यल्या. मंग ती माझ्या शेजारी बाजेवर टेकली, पदराची सुई काढली, दोरा ओवला अन् माझ्या गुडघ्यांवरच वाकडे टाके उसवून नवे घालायला घेतले.

"बेबे," मान वर न करता ती म्हणली, "हितं काय बघत उभी राह्यली? घरी जा अन् तुझी पेटी भर."

बेबीनंदा पिठाचा डबा तिथंच टाकून घराकडं पळाली.