इंजिनात अक्षता

टीनाच्या लर्निंग लायसनचा आज शेवटचा दिवस होता. बारा वाजताची टेस्ट. पास झाली तं शनिवारपर्यंत ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हर भरतीचा फॉर्म भरता येते. नापास झाली, नाहीतं गाडी घेऊन पोहोचलीच नाही, तं पुन्हा लर्निंग, पुन्हा महिनाभर थांबा, अन् तवापर्यंत भरती दुसऱ्याच्या पोरीची. हे सगळं मले तोंडपाठ होतं. तरीबी सकाळी आठ वाजता मी बॉनेट उघडलं.

कारन गाडी मिसिंग मारून राहिली होती. तीन सिलिंडरचं इंजिन, त्यातले दोन कामावर अन् एक सुटीवर. गाडी उभ्या जागी अशी थरथरे का आत बसलेल्या मानसाले वाटे, आपल्यालेच ताप आला. विक्की मेकॅनिक म्हनला होता, "काका, प्लग गए. मैं आके बदल दूंगा." अन् तो साळीच्या लग्नाले आमगावले निघून गेला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मागायची सोय नव्हती. माझ्या पोरीले मीच शिकवीन, तुमच्यासारखे छप्पन पाहिले, असं मी त्याहिच्या तोंडावर सांगून आलो होतो.

प्लग मी आनून ठेवले होते. मोबाइलवर व्हिडिओबी पाहिला, दोनदा. त्यातला मानूस आठ मिनिटांत काम करते, अन् त्यातले तीन मिनिटं तं चॅनल सबस्क्राइब करा म्हनते. म्हनलं, खेमराज, पाच मिनिटांचं काम. राइस मिलमध्ये बावीस वर्षं मशीनवर उभा आहेस तू.

"बाबूजी, एक प्लग काढा, एक बसवा, मंग दुसरा," टीना म्हनाली. ती कपडे इस्त्री करून, कागदाची फाइल छातीशी धरून उभी होती. "व्हिडिओत तसंच सांगितलं."

"व्हिडिओ मी पाहिला का तू?"

"दोघांनीबी पाहिला."

"मंग शिकवू नोको."

मी तिन्ही वायरी उपटल्या. वायरीच्या टोकाले रबरी टोपी असते, ती प्लगवर बसते. तिन्ही टोप्या एकदम सुटल्या, मस्त वाटलं. मंग प्लग पान्यानं तिन्ही जुने प्लग काढले. दोन सरळ निघाले. तिसऱ्यासाठी पान्यात पाइप घालून लोंबकळलो. निघाला. इंजिनावर आता तीन खोल भोकं, विहिरीसारखी. नवे प्लग हातात घेतो, तं माझी बायको सुशिला थाळी घेऊन हजर.

"अजी, थांबा. नवी वस्तू आहे. पूजा केल्याशिवाय लावता का?"

"वस्तू नोहे, प्लग आहे!"

"मंग ट्रॅक्टरच्या टायरची पूजा कशी केली होती तुमच्या भावानं? अन् आज पोरीची परीक्षा आहे."

पोरीची परीक्षा म्हनल्यावर मी प्लग तिच्या थाळीत ठेवले. तिनं तिन्ही प्लगले हळद लावली, कुंकू लावलं. मले वाटलं झालं. तेवढ्यात ती म्हनाली, "अन् जिथं बसनार आहेत त्या जागेचीबी करू." अन् मूठभर अक्षता इंजिनावर टाकल्या. मनापासून टाकल्या. लग्नात टाकतात तशा.

आवाज आला. टिक. टिक. टिकटिक.

आम्ही तिघंबी त्या भोकांकडे पाहून राहिलो.

"आत गेल्या का जी?" सुशिलानं विचारलं.

"नाही, पाहुन्या आल्या होत्या, दारातूनच परत गेल्या!" मी बोंबललो.

साडेनऊ वाजले होते. मिलमध्ये बावीस वर्षं मी तांदळातून खडा काढला. मशीनमधून तांदूळ काढायची पाळी पहिल्यांदाच आली. टॉर्च मारून पाहिलं तं खाली पिवळे दाने चमकून राहिले होते. एचएमटी तांदूळ, हळदीत भिजवलेला. किती गेले ते देवालेच माहीत, कारन त्याच्याच नावानं टाकले होते.

पहिले नारळपान्याच्या स्ट्रॉनं ओढून पाहिलं. एक दाना आला, तो सरळ घशात गेला. वरून पेट्रोलचा ढेकर. मंग सुशिलानं अगरबत्तीच्या काडीले भिजवलेली कनीक लावून दिली. म्हने, दाने चिकटून येतीन. काडी आत घातली, काडी बाहेर आली, कनीक आतच राहिली.

"आता आत तांदूळ आहे, कनीक आहे, तेल आहे," टीना म्हनाली. "गॅस पेटवू का?"

"टीने, ही मस्करीची वेळ आहे का?"

"मी मस्करी नाही करून राहिली बाबूजी." तिनं फाइल अजून घट्ट धरली. "मले बारा वाजता पोहोचायचं आहे."

तवा कुठं मी तिच्याकडे नीट पाहिलं. फाइलवर तिच्या बोटाचे ओले ठसे उमटले होते. विक्कीले फोन लावला. तिकडे डीजे.

"विक्की, इंजिनात तांदूळ गेला!"

"क्या गया?"

"तांदूळ! चावल! अक्षता!"

"काका, मैं शादी में हूँ, आप किसकी शादी में हो?"

तीन वेळा सांगितल्यावर त्याच्या डोक्यात शिरलं. मंग तो कितीतरी वेळ हसला. मंग बहुतेक त्यानं ते बाजूच्याले सांगितलं, कारन तोबी हसला. शेवटी म्हनला, "प्लग मत लगाओ. छेद खुले रखो और सेल्फ मारो. हवा से सब बाहर फेंकेगा. पर काका, मुंह ऊपर मत रखना."

हे शेवटचं वाक्य डीजेत बुडालं. म्हनजे ऐकू आलं, पन मले वाटलं ते मंगलाष्टकाचं असन.

टीना आत बसली. मी टॉर्च घेऊन भोकावर वाकलो, कारन दाने निघतात का नाही ते कोनी तरी पाहाले पाहिजे. तिनं किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र फट्! पिवळ्या दान्याचा फवारा माझ्या कपाळावर, मिशीत, कानात. मंग कनकीचा गोळा, चश्म्यावर. सुशिलानं नकळत हात जोडले.

"पुन्हा!" मी आंधळ्यासारखा ओरडलो. पाच वेळा सेल्फ मारला. पाचव्यांदा नुसती हवा आली. पावने अकरा.

नवे प्लग बसवले. हळद पुसून. आता वायरी. अन् इथं मी पुन्हा अडकलो. तीन वायरी, तीन प्लग, अन् कोनती वायर कोनाची हे फक्त त्या वायरीले माहीत.

"लांबी पाहा," टीना म्हनाली. "सगळ्यात लांब ती सगळ्यात दूरच्याले."

"इंजिन म्हनजे चपला आहे का, मापानं घालाले?"

मी माझ्या अकलेनं लावल्या. किल्ली फिरवली. सायलेन्सरमधून असा धडाका झाला का समोरच्या दुकानातला मानूस शटर अर्धं ओढून आत लपला. गाडीनं एक उडी मारली अन् बंद. मागून काळा धूर. सुशिला पायरीवर बसली अन् म्हनाली, "गेली जी पोरगी कामातून."

मी पाना खाली ठेवला. खरं सांगतो, बसून गेलो तिथंच, चाकाले टेकून. पोरगी पहाटे पाचले उठून सहा महिने आमच्या कुडव्याच्या गल्ल्या पालथ्या घालत होती, कुत्रे वाचवत, म्हशी वाचवत. अन् तिचा घात कोनी करावा? बापानं. पाच मिनिटांच्या कामात.

टीनानं फाइल आईच्या मांडीवर ठेवली. बाह्या वर केल्या. तिन्ही टोप्या काढल्या, लांबी पाहिली, लावल्या. "बाबूजी, ती शेवटची टोपी दाबा," एवढंच म्हनाली अन् स्टेअरिंगवर जाऊन बसली. मी दाबली. किल्ली. गाडी चालू झाली, अशी गोड का मले रडू आलं. अकरा चाळीस.

लर्निंगवाल्याच्या बाजूले लायसनवाला बसाले लागते, म्हनून मी बसलो. मिशीत अक्षता तशाच. "ब्रेक दाब" म्हनाले तोंड उघडलं, तिनं नुसतं पाहिलं, मी तोंड मिटलं.

टेस्टच्या मैदानावर नंबर लागला अन् आरटीओचे साहेब आत बसले. मले तारेच्या कुंपनाबाहेर उभं केलं. आठाच्या आकड्यात मस्त गेली. रिव्हर्स मस्त. मंग चढाव. अर्ध्या चढावावर थांबायचं अन् मागे न सरकता पुन्हा निघायचं. टीना थांबली. अन् गाडी थरथरली. तीच थरथर. फुट्, फुट्, बंद.

मी तार धरून ओरडलो, "चोक! नाही, क्लच! नाही, सेल्फ!" चौकीदारानं माझी कॉलर धरली.

सेल्फ मारला. नाही. पुन्हा. नाही. मागं चार गाड्यांनी हॉर्न लावला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "उतरा ताई. पुढच्या वेळी गाडी नीट घेऊन या."

"साहेब, पुढची वेळ नाही आहे, शनिवारपर्यंत ॲम्ब्युलन्सच्या भरतीचा फॉर्म भरायचा आहे. दोन मिनिटं द्या."

साहेब हो म्हनाले नाही, पन नाहीबी म्हनाले नाही. टीनानं हँडब्रेक ओढला, उतरली, बॉनेट उघडलं. शेवटची टोपी, मी दाबली होती ती, वरच्यावर लटकून राहिली होती. शॉक लागीन म्हनून मी ती दोन बोटांनी दाबली होती, हे मी घरी सांगितलं नव्हतं. तिनं अंगठ्यानं दाबली. कट्ट असा आवाज मले तारेबाहेर ऐकू आला.

गाडी चालू. साहेब आत बसल्या बसल्या विचारून राहिले होते, काच उघडीच होती. "ॲम्ब्युलन्स चालवायची आहे म्हनता. पेशंट आत असताना अशी बंद पडली तर?"

"आत्ता पडलीच ना साहेब," ती म्हनाली. "तुम्ही आत होतेच."

साहेबांनी कागद मांडीवर घेतला. "चढवा," म्हनाले. तिनं हँडब्रेक सोडला. गाडी एक बोटबी मागं सरकली नाही. वर जाऊन साहेबांनी कागदावर सही केली. दुरून मले फक्त त्याहिची मान दिसली, हो म्हनून हललेली. चौकीदारानं माझी कॉलर सोडली अन् मी तिथंच मातीत बसलो.

साडेबाराले आम्ही घरी आलो. टीना उतरली, सुशिलानं तिले कवटाळलं. गाडी दारात तशीच उभी, इंजिन सुरू.

"बंद करा ना जी," सुशिला म्हनाली.

"टीने, तू कर."

"मी नाही करत. पुन्हा लागली नाही तं?"

आता तीन वाजले. पेट्रोलचा काटा खाली चालला आहे. किल्लीकडे कोनीच जाऊन नाही राहिलं.