कड्याचा जोड

सासूबाईंच्या उजव्या हातातलं कडं कुठे उघडतं, हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातले एक म्हणजे माझे सासरे, ते गुपित मनात घेऊनच गेले. दुसऱ्या स्वतः सासूबाई. त्यांचा नवरा चांदीचा कारागीर, मुलगा चांदीचा कारागीर, आणि मी सून इतकी वर्षं खालच्या दुकानात बसून दागिन्यांना पॉलिश करतेय. तरी त्या कड्यापुढे आम्ही सगळे अडाणीच.

कडं सासऱ्यांनी घडवलेलं. बोटभर रुंद, जाड चांदी, आणि गोल फिरून बसवलेले लाजवर्दचे गडद निळे खडे. लाजवर्दला आच सोसत नाही, खडा फिका पडतो नाहीतर तडकतो. म्हणून आमच्याकडे आधी सगळं जोडकाम उरकायचं आणि मग अगदी शेवटी खडे बसवायचे. या कड्यात मात्र सासऱ्यांनी वेगळीच करामत करून ठेवली होती. कुठलासा एक खडा दाबून सरकवला की कडं दोन भागांत उघडायचं, आणि मिटलं की भिंगातूनही फट दिसायची नाही. दुसऱ्या कारागिरांनी नक्कल करू नये म्हणून त्यांनी ती युक्ती फक्त बायकोला दाखवली. एरवी सासूबाईंच्या जिभेला विसावा नसायचा, पण या बाबतीत त्यांनी तोंड असं शिवून घेतलं की विचारू नका. कडं धुवायचं झालं तरी न्हाणीघराला आतून कडी.

माझा नवरा लहानपणी आई झोपली की तिच्या हाताशी बसून एकेक खडा दाबून बघायचा. हाती हातोडी आली की दिसेल ते ठोकत सुटायचा, म्हणून घरात त्याचं नाव ठोक्या. वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, आईला विचार. आईला विचारलं की ती म्हणायची, धंद्यात पड, मग सांगीन. धंद्यात पडला तेव्हा म्हणाली, जरा केस पांढरे होऊ देत. पुढे पुढे ती घरातली थट्टाच होऊन बसली. जेवताना कुणाला काही सापडेनासं झालं की आम्ही म्हणायचो, खडा दाबून बघ.

मग त्या विसरायला लागल्या. आधी भांड्यांच्या जागा, मग घरी यायचा रस्ता, मग माणसं. मी तेव्हाच नवऱ्याच्या मागे लागले, आता तरी विचारून घे म्हणून. तो माझ्यावरच उखडला. आई काय कुठे चाललीय का, म्हणाला. विचारलं असतं तर ती चालली आहे हे त्याला कबूल करावं लागलं असतं. ते त्याला जमेना. माणूस सुईच्या टोकाएवढ्या खड्याला कोंदण करतो, पण एवढं एक वाक्य त्याच्याच्याने बोलवेना.

गेल्या वर्षी त्यांनी त्याला ओळखायचं सोडलं. तो दुकानात ठेवलेला नवा कारागीर आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. हात बरा आहे तुझा, पण पाठीत वाकून बसू नकोस, असं त्याला सांगायच्या. मुलगा आपल्याला भेटायला येत नाही अशी तक्रारही त्याच्याकडेच करायच्या. तो कानस चालवत हो हो म्हणायचा आणि मला वर पाठवायचा, चहा टाक म्हणून. मला मात्र त्या पक्क्या ओळखायच्या. भांडायला कुणीतरी ओळखीचं लागतंच.

त्या दिवशी सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजव्या हातावर पडल्या. आम्ही त्यांना दवाखान्यात नेईपर्यंत मनगट टम्म फुगलं होतं. कडं मांसात रुतून बसलं होतं, बोटं गार पडून काळपट दिसायला लागली होती. तपासायला आलेल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण त्यांनी उगाच घोळ घातला नाही. हाड मोडलंय, ते नंतर बघू, म्हणाल्या. आधी हे कडं निघालं पाहिजे, रक्त पोहोचलं नाही तर हात जाईल. त्यांच्याकडे अंगठ्या कापायचं एक चिमुकलं यंत्र होतं. ते त्या चांदीवर नुसतं ओरखडे काढत राहिलं. पूर्ण भूल द्यावी तर काळीज कमजोर, शिवाय तेवढा वेळ नाही. दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, तरी कड्याला बोट लागलं की सासूबाई कळवळायच्या.

नवरा तोवर धावत जाऊन त्याची करवत, पत्रे, चिमटे घेऊन आला होता. त्याने मला दाराशी बाजूला घेऊन सांगितलं, एवढी जाड चांदी एका ठिकाणी कापून भागायचं नाही, दोन ठिकाणी कापावं लागेल. करवतीखाली पत्रा सरकवावा लागेल, तोही सुजेवरून. मोडक्या मनगटावर. पण जोड कळला तर खडा दाबायचा, सरकवायचा आणि झालं. आईला कळणारसुद्धा नाही.

मग तो खाटेशी बसला आणि त्या विसरायला लागल्यापासून जे विचारायचं टाळलं होतं ते त्याने विचारलं.

"आई, कडं कुठून उघडतं?"

सासूबाईंनी डावा हात कड्यावर ठेवला. "ते मी माझ्या मुलालाच सांगणार."

"मीच तो. मी ठोक्या."

"तू कामाला आहेस आमच्याकडे," त्या म्हणाल्या. रागाने नाही, समजावून सांगितल्यासारखं. "तो येईल. उशीर करायची सवयच आहे त्याला."

मी पुढे झाले. म्हटलं, आई, मला सांगा, मी त्याच्या कानात सांगते. त्यावर त्या म्हणाल्या, तुला सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. एवढ्या दुखण्यातही माझा उद्धार करायला त्या चुकल्या नाहीत. एरवी मी फणकारले असते. तेव्हा मला नुसतं रडू येत होतं, आणि त्यांची बोटं दर वेळी बघितलं की आणखी काळी वाटत होती.

मग मलाच एक सुचलं. नवऱ्याला बाहेर पाठवलं. म्हटलं, तो कामाचा ॲप्रन काढ, तोंड धू, केस नीट कर आणि आत्ताच आल्यासारखा आत ये. तो माझ्याकडे बघतच राहिला. पण गेला. ओल्या केसांनी परत आला तेव्हा दारातूनच मोठ्याने म्हणाला की आई, मी आलो, उशीर झाला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पाहुण्यांसमोर पाठांतर म्हणायला उभं केलेल्या मुलासारखा उभा होता. स्वतःच्याच आईपुढे स्वतःचं सोंग करत. डॉक्टरबाई भिंतीकडे बघायला लागल्या.

सासूबाईंनी त्याला निरखलं. मग म्हणाल्या, ठोक्या असशील तर सांग, शेजारच्यांची काच कशी फुटली होती? तो घाईघाईने सांगायला लागला. बाबांची हातोडी घेतली होती, खिडकीचा खिळा ठोकत होतो, काच फुटली आणि मी मांजरावर ढकललं, तू त्या मांजराला आठवडाभर दूध दिलं नाहीस. सासूबाई हसल्या. अगदी पूर्वीसारख्या, खांदे हलवून. मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. वाटलं, आलं, आता आलं.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "कारट्याने हेसुद्धा दुकानातल्या कारागिरांना सांगून ठेवलंय."

मग तो कड्यावरच वाकला. एकेक खडा दाबून, सरकवून पाहिला, लहानपणी पाहायचा तसाच, आणि प्रत्येक खड्याला त्या किंचाळल्या. सूज एवढी होती की कुठला खडा दबतोय आणि कुठला मांसात जातोय तेच कळेना. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहून आता थांबता येणार नाही म्हणून सांगितलं. तुम्हीच कापाल का, असं नवऱ्याने त्यांना विचारलं. मी आयुष्यात करवत धरलेली नाही, त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. तिथे ते काम येणारा एकच माणूस होता.

मी सासूबाईंचा खांदा धरला, नर्सने कोपर धरलं. नवऱ्याने तांब्याचा पातळ पत्रा कड्याखाली सरकवला. तो आवाज मी कधी विसरणार नाही, करवतीचा नव्हे, सासूबाईंचा. त्या आधी त्याला शिव्या देत होत्या, चोर म्हणत होत्या. मग त्या ठोक्याला हाका मारायला लागल्या. ठोक्या, हा माणूस माझं कडं कापतोय रे, लवकर ये. दर हाकेला त्याचा हात थांबायचा. मी त्याला चालू ठेव म्हणून ओरडले. कुणी तरी ओरडायलाच हवं होतं. तो खाली मान घालून कापत राहिला, मधेमधे पाणी सोडत, खड्यांच्या मधून वाट काढत. तरी एक खडा तडकलाच. दुसरा काप पुरा झाला तसं कडं दोन तुकडे होऊन त्याच्या हातात आलं.

डॉक्टरबाईंनी बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख हळूहळू गुलाबी झालं. हात वाचला, त्या म्हणाल्या आणि पुढची तयारी करायला निघून गेल्या. नर्सने सासूबाईंना आणखी एक इंजेक्शन दिलं. कळ ओसरली तशा त्या शांत झाल्या.

नवरा स्टुलावर बसला होता. मोठा तुकडा त्याने तळहातावर उलटा धरला होता. आतल्या बाजूने, त्याच्या कापापासून दोन खडे पलीकडे, केसाएवढी रेघ दिसत होती. त्याने वरून तो खडा अंगठ्याने दाबून बाजूला सारला. तुकडा न खटकता, अलगद उघडला. त्याने तो मिटला, पुन्हा उघडला. त्या खड्यावर त्याने मघाशीही बोट ठेवलं होतं, पण तो दाबून बोटांकडे सारला होता. कोपराकडे सारायचा होता. एवढंच होतं ते. तो रडायला लागला, आवाज न करता, नाक वाहू देत.

सासूबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"रडू नकोस रे. सांगितलं ते केलंस तू, तुझा काय दोष?"

त्यांनी दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"पण ठोक्याला सांगू नकोस, तू कापलंस म्हणून. बापाच्या वस्तूला कुणी हात लावलेला त्याला सोसायचा नाही. कामावरून काढून टाकील तुला. मी सांगते त्याला, माझ्याच हातून पडून तुटलं. कळलं ना?"

नवऱ्याने ते दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळले.

"नाही सांगणार," तो म्हणाला.